सोमवारी सकाळी काय केलं असतं?

प्रिय पिल्लू,

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी लाइफ कोच लावायचा विचार करतेय," आणि मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे पैसे देऊन गप्पा मारायच्या?" पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तू म्हणालीस, आईला दे फोन. फोन घेताना तिनं माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहीत नाही, तुला ती नजर ठाऊक आहे.

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे ते वाक्य मी मागे घेतो. दुसरं सांगायला जरा जड जातंय. मी स्वतः एका कोचकडे गेलो होतो. सहा वेळा. तू तेव्हा नववीत होतीस आणि हे फक्त आईला माहीत होतं.

त्या वर्षातलं तुला आठवलंच तर एवढंच आठवेल की बाबा चिडचिडे झाले होते. ऑफिसात माझ्या वरची जागा रिकामी झाली होती. ती मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो, आणि बाकीचेही. ती मिळाली माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या माणसाला. आम्ही तीनचार जण नाराज होतो. आम्ही राजीनामे देऊ नयेत म्हणून असेल, पण वरून एक कोच ठरवून देण्यात आल्या. न जाणं वाईट दिसलं असतं म्हणून मी गेलो.

पहिल्या भेटीत मी चाळीस मिनिटं एकटाच बोललो. साहेबांचा पक्षपात, माझी अठरा वर्षं, त्या माणसाला ताळेबंद धड वाचता येत नाही, सगळं सगळं. त्या बाई मध्ये एकदाही "अगदी खरंय" म्हणाल्या नाहीत. "असं मनाला लावून घेऊ नका" असंही म्हणाल्या नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "ती जागा मिळाली असती, तर पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन तुम्ही पहिलं काय केलं असतं?"

मला उत्तर देता येईना. त्या खुर्चीवरच्या माणसाचे सोमवार मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. सकाळी बैठक, दुपारी बैठक, कुणाला कमी करायचं त्याच्या याद्या, वरच्यांची मनधरणी. यातलं एकही काम मला आवडलं नसतं. मला दारावरची पाटी हवी होती. मी हे मनात जुळवत होतो तोवर त्या गप्प बसून राहिल्या, चांगलं मिनिटभर. समोरचा माणूस आपल्यासाठी मिनिटभर गप्प बसतो म्हणजे काय, हे आपल्या घरात कुणालाही ठाऊक नाही.

पुढे काही चमत्कार वगैरे झाला नाही. नव्या मुलांना हिशेबतपासणी शिकवण्याचं काम मी मागून घेतलं. पगार होता तेवढाच राहिला. चिडचिड बरीच कमी झाली, सगळी गेली असं म्हणणार नाही. निवृत्त होईपर्यंत लिफ्टमध्ये तो माणूस भेटला की मी घड्याळ बघायचो.

मग मी हे तुला कधी सांगितलं का नाही? लाज वाटली, दुसरं काय. बाप म्हटला की त्याला रस्ता माहीतच असायला हवा, अशी माझी एक समजूत होती. तुझं संशोधन चार वर्षांनी थांबलं, समितीनं सांगितलं की हाती आलेल्या माहितीवर प्रबंध उभा राहत नाही, त्या रात्री तू फोन केलास. मी काय विचारलं आठवतंय? "बरं, मग आता पुढे काय?" तुझं रडणंही पुरतं थांबलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुला नोकऱ्यांच्या अकरा जाहिराती पाठवल्या. तू लहान असताना गणित अडलं की मी तुझ्या हातातली पेन्सिल घेऊन ते सोडवून टाकायचो आणि वर विचारायचो, "कळलं ना?" तू मान हलवायचीस. जाहिराती पाठवल्या तेव्हाही मी पेन्सिलच काढून घेतली, फक्त तू आता एकोणतीस वर्षांची आहेस.

त्या फोननंतर चार रात्री मी या विषयावर वाचत बसलो होतो. कोच हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आलाय, तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या. पुढे 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला थट्टेनं कोच म्हणू लागले आणि तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. मला त्यातला गाडीवान आवडला. कुठं जायचं ते आत बसलेला सांगतो, गाडीवान सांगत नाही.

1970 च्या दशकात टिमथी गॅल्वे नावाच्या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आलं की मनगट असं धर, खांदा तसा वळव अशा सूचनांचा मारा केला की खेळाडू आणखी अडखळतो. त्याऐवजी फक्त चेंडू बघायला सांगितला तर बऱ्याच चुका आपोआप सुटतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

गॅल्वेच्या विचारांवरून इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात कोचिंगची एक रीत बसवली. हा व्हिटमोर आधी शर्यतीच्या मोटारी पळवायचा. रीत साधी आहे: काय हवंय, आत्ता नेमकं काय आहे, कोणकोणते मार्ग आहेत आणि त्यातलं तू काय करणार. वाचायला बालवाडीतलं वाटतं. गंमत अशी की आपण घरातली माणसं दुसरा प्रश्न गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. माझ्या अकरा जाहिराती म्हणजे मार्गच मार्ग. आत्ता नेमकं काय आहे, हे मी विचारलंच नव्हतं. चार वर्षांतलं काय वाया गेलं आणि काय तुझ्याकडे शिल्लक आहे? ती आकडेवारीची अवघड साधनं तू शिकलीस ती कुठं गेली नाहीत. समितीपुढे उभं राहून बोलण्याची भीती गेली, की उलट वाढली? मला खरंच माहीत नाही. कोच तुला हे विचारेल, आणि मिनिटभर थांबेल.

तू म्हणालीस की तुला "पुन्हा उभं राहायचंय". पिल्लू, हे ध्येय म्हणून चालणार नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलंय की "जमेल तेवढं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि जरा अवघड लक्ष्य दिलेला माणूस जास्त काम करतो. उभं राहायचं म्हणजे काय करताना दिसायचं? तीन महिन्यांत एक लेख लिहून पाठवायचा? संशोधनाबाहेरच्या दोन लोकांना भेटून त्यांचं काम बघायचं? नोकरी शोधायची, की संशोधन पुन्हा करायचंच नाही हे स्वतःशी कबूल करायचं? हे शेवटचंही ध्येय असू शकतं, आणि ते तू निवडलंस तर मी तोंड वाकडं करणार नाही. निदान करणार नाही असा प्रयत्न करीन.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की नुसतं "मी लिहीन" न ठरवता "अमुक झालं की तमुक करीन" असं बांधून ठेवावं. सकाळी संगणक उघडला की मेल न बघता आधी अर्धा तास लिहीन. जुन्या गटातल्या कुणाच्या यशाची बातमी दिसली की ते पान बंद करून उठून चालायला जाईन. 2006 साली त्यानं आणि पास्कल शीरननं अशा 94 चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा या साध्या गाठीचा परिणाम चांगला ठळक दिसला. आणि एखादा दिवस चुकला तर वही फेकून देऊ नकोस. लंडनमध्ये 96 माणसांच्या सवयींवर एक अभ्यास झाला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. म्हणजे 21 दिवसांत आयुष्य बदलून देतो म्हणणारा भेटला की काय समजायचं, ते तू समज.

आता माझ्या धंद्याची सवय, हिशेब तपासणं. या क्षेत्रात एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: येल विद्यापीठातून 1953 साली बाहेर पडलेल्या ज्या तीन टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त संपत्ती मिळवली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. कुणी कोच पहिल्याच भेटीत ही गोष्ट ठासून सांगू लागला, तर त्यानं बाकीचंही तपासलेलं नसणार असं धरून चाल.

कारण लाइफ कोच म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत कसलाही परवाना लागत नाही. आज मी पाटी लावली तर उद्या मीही कोच. (आई हसत असेल.) 1995 साली सुरू झालेली एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र मिळवायला किमान साठ तासांचं शिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो, सगळ्यात वरच्या पायरीला अडीच हजार तास. प्रमाणपत्र आहे म्हणजे माणूस चांगलाच असेल असं नाही, पण त्यानं निदान तेवढे तास दुसऱ्याचं ऐकलंय. पैसे भरण्याआधी एकदा नुसतं बोलून बघ, पुष्कळ जण पहिली भेट तशीच ठेवतात. त्या भेटीत तो जास्त बोलला की तू, हे घड्याळ लावून बघ. गुपित कुठवर गुपित राहील ते विचार. मध्येच सोडायचं झालं तर उरलेल्या पैशांचं काय, हेही विचार, लाजू नकोस. वर्षभराचं एकदम भरा, आजच भरा म्हणाला तर निघून ये.

आणि आता जे लिहितोय ते शांतपणे वाच. कोच उपचार करत नाही. आई म्हणत होती की तू रात्री तीनला जागी असतेस, जेवत नाहीस, आणि तुझं आवडतं व्हायोलिन दोन महिने पेटीतून निघालेलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर मन खिन्न असेल, कशात गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टर नैराश्याची शंका घेतात, आणि त्याचं काम मानसोपचारतज्ज्ञाचं असतं. लंगडणाऱ्याला धावायला शिकवण्याआधी पाय मोडलाय का ते बघावं लागतं. प्रामाणिक कोच हे स्वतःहून ओळखतो आणि तिकडे पाठवतो. पण तू त्याच्यावर सोडू नकोस, आधी एकदा दाखवून घे. जगणं नकोसं वाटण्याचा विचार कधी मनात आला, तर कोच नको, पत्र नको, त्याच क्षणी आम्हाला उठव, कितीही वाजलेले असोत. फोन मी उशाशी ठेवतो.

तुला जमत असेल तर डॉक्टरांकडे आई बरोबर येईल. मी बाहेर बसेन.

कोचचे पैसे तू तुझे भर. मी देऊ शकतो, पण मी दिले तर दर महिन्याला विचारीन की काय निष्पन्न झालं, आणि तिथं काय बोललीस ते कळावं असं मला वाटायला लागेल. मी स्वतःला चांगलं ओळखतो. तिथलं बोलणं तिथंच राहू दे. माझ्या त्या सहा भेटींत तुझ्याबद्दलही थोडं बोललो होतो, ते तुला कधीच कळणार नाही.

रविवारी फोन कर. या वेळी मी आधी उचलणार आहे, आणि "पुढे काय" विचारणार नाही. तू काही बोलली नाहीस तरी फोन ठेवणार नाही. आईनं घड्याळ लावायचं कबूल केलंय.

तुझा,
बाबा

ता. क. त्या अकरा जाहिराती पुसून टाक. त्यातल्या चारांची मुदत मी पाठवल्या तेव्हाच संपून गेली होती.