गाणारीचा श्वास राखणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

१९७७ च्या लंडनमध्ये, नील स्ट्रीटवरच्या रॉक्सी या पंक रॉकच्या क्लबात, सतरा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा माइक हातात घेते. आमच्या डॉक्युड्रामाचा सगळा जीव त्या दृश्यात आहे. त्यातलं गाणं तुमच्या ध्वनिमुद्रणामुळे ऐकवतं, म्हणून हे जाहीर आभार.

रॉक्सीचे डीजे डॉन लेट्स यांनी त्या काळी तिथे सुपर ८ या छोट्या, घरगुती फिल्मवर चित्रण केलं होतं. तोच पोत हवा, म्हणून आम्हीही सुपर ८ घेतलं. कार्ट्रिज १५ मीटरचं, सेकंदाला २४ फ्रेमने जेमतेम अडीच मिनिटं. पंकचं गाणं दोन मिनिटांचं, म्हणजे एका कार्ट्रिजला एक गाणं, हा हिशेब तुमचाच. या कॅमेऱ्याची मोटर मात्र एकसारखी फिरत नाही आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ कुठे, शब्द कुठे अशी गत होते. तुम्ही गाण्याआधी एक टाळी घ्यायला लावलीत आणि गाणं संपताच, फिल्म उरलेली असतानाच, दुसरी. दोन टाळ्यांमधलं अंतर आवाजाशी ताडून चित्राची गती बसवता आली.

आवाजाचं दुखणं वेगळंच. छोट्या क्लबात ड्रम आणि गिटारचे अॅम्प आपापल्या जोरावरच दणाणतात, त्यामुळे मिक्सरमधून बहुतेक फक्त गाणारीचा आवाज येतो. तेवढाच ट्रॅक वापरला तर ती रिकाम्या खोलीत ओरडतेय असं वाटतं. तुम्ही दहा मीटर मागे दुसरा माइक लावलात, तोही २० डेसिबलचा पॅड, म्हणजे आवाजाची पातळी उतरवणारी जोडणी, घालून. प्रीअॅम्पमध्येच, म्हणजे माइकचा आवाज पहिल्यांदा वाढवला जातो तिथेच, फाटलेला आवाज नंतर शिखरं दाबणाऱ्या लिमिटरने सांधत नाही, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. मागच्या माइकवर आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे जवळपास पाऊण फ्रेम. तेवढा ट्रॅक अलीकडे सरकवला नाही, तर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं.

सगळ्यात मोठे उपकार म्हणजे, गाणं स्टुडिओत डब करू नका म्हणून तुम्ही अडून बसलात. एरी अप ‘द स्लिट्स’ या मुलींच्या पंक बँडमध्ये गायला लागली तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती, त्या मुलींच्या गाण्यातली धाप घासूनपुसून काढली तर गाणंच उरत नाही. आता दुसऱ्या कडव्याआधी आमची गाणारी माइकला तोंड भिडवते, आणि तिने घेतलेला श्वास मिक्सरच्या ट्रॅकवर स्वच्छ ऐकू येतो.

तुमची,
चित्रपटाची सगळी मंडळी