बाबा, खुर्च्या मोजणं आता पुरे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलून होत नाही. दादाचा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आईने मोठ्याने वाचलं तर आणखी बरं, कारण बाबा मधलं मधलं गाळतील.

दादाला जाऊन वर्ष उलटलं. घरी जो कोणी भेटायला आला त्याने आईची काळजी केली आणि बाबांचं कौतुक केलं. "विश्वास असावा तर असा, डोळ्यांतून टिपूस नाही," हे मी स्वतः कितीदा ऐकलं. मला मात्र नेमकं उलट वाटतं. आई, तुझी मला तितकीशी काळजी नाही. बाबा, तुमची आहे.

आई रडते. दादाचा मोबाइल अजून चार्ज करून ठेवते, त्यातला "आई, उशीर होईल, जेवून घे" हा निरोप ऐकते, डोळे पुसते आणि संडेस्कूलच्या तयारीला लागते. परवा तर हसत हसत सांगत होती, दादा लहानपणी ख्रिस्तजन्माच्या नाटकात मेंढपाळ झाला होता आणि ऐन वेळी देवदूताचं वाक्य स्वतःच बोलून मोकळा झाला. आठवणीने रडू येतं, त्याच आठवणीने हसूही येतं. दुःख अंगात मुरतंय, वाट काढतंय, असं मला त्यातून दिसतं.

बाबा, त्या मोबाइलवरून तुम्ही तिला बोललात, असं कळलं. मेलेल्या माणसाच्या वस्तू कवटाळून बसणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असं काहीसं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय तुम्ही मला कितीदा शिकवलाय. टबीथा वारली तेव्हा यापो गावातल्या विधवा रडत प्रेषित पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. प्रार्थनेसाठी त्याने सगळ्यांना बाहेर काढलं खरं, पण कपडे काय दाखवता म्हणून कुणाला झापलं नाही. त्याआधीच्या अध्यायात दगडमारात मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरणारी माणसं भक्तिमान होती आणि त्यांनी त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं सरळ लिहिलंय. भक्तिमान असून रडली, याचं लिहिणाऱ्याला काही नवल वाटलेलं नाही.

आणि ती मंडळीतली बाई, जी आईला "आता रडणं म्हणजे अविश्वास" म्हणाली, तिचा मला अजून राग आहे. प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं वचन लोक अर्ध्यावर तोडतात. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका, असं तो कुठेही म्हणालेला नाही. उलट रोमकरांना लिहिताना रडणाऱ्यांबरोबर रडा असंच सांगतो.

बाबा, तुमचा नेहमीचा मुद्दा मला पाठ आहे: "तो प्रभूकडे गेला, आपण भेटणारच आहोत, मग रडायचं कशाला?" तुम्ही हे म्हणता तेव्हा मला दर वेळी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आठवतो. मेलेल्या लाजराला आपण थोड्याच वेळात जिवंत उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. इतकी खात्री तर आपल्यापैकी कुणालाच असणार नाही. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून तो रडला. पुन्हा भेट होणार म्हणून अश्रूंना जागा नाही, असं असतं तर त्या दिवशी बेथानीत सगळ्यात कोरडे डोळे त्याचे असायला हवे होते.

त्या अध्यायातली आणखी एक गोष्ट मला अलीकडे फार जवळची वाटते. मार्था आणि मरीया, लाजराच्या दोघी बहिणी, येशूला एकच वाक्य म्हणतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्था गावाबाहेर त्याला गाठून म्हणते, मरीया पायाशी पडून म्हणते. मार्थेशी तो पुनरुत्थानाचं बोलतो, मरीयेबरोबर रडतो. एकाच घरातली दोन माणसं, एकच दुःख, आणि प्रत्येकीला वेगळी वागणूक. तेव्हा बाबा, तुम्ही आईसारखं हमसून रडलंच पाहिजे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मार्था रडल्याचं तिथे कुठे आलेलं नाही. पण मनातलं ते "तर" तिने त्याच्या तोंडावर सांगितलं.

तुमच्याही मनात एक "तर" आहे. आईने मला सांगितलंय. रात्री झोप लागत नाही आणि तुम्ही अंधारात पुटपुटता, "त्याला त्या रात्रीच दुसरीकडे हलवलं असतं तर." हलवूनही काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले होते, मी तिथेच होते. तुम्ही ते ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलात. स्मरण-उपासना तुम्हीच ठरवली, तुम्हीच चालवली. आता मंडळीत दादाला आवडणारं गीत सुरू झालं की तुम्ही उठून मागे जाता आणि खुर्च्या मोजता. मी पाहिलंय. खुर्च्या तेवढ्याच असतात. आणि पूर्वी त्याच गीताला तुमचा आवाज सगळ्यांत वर असायचा.

दावीद राजाचं मूल वारलं तेव्हा तो उठला, अंघोळ केली, जेवायला बसला, हे उदाहरण तुम्ही देणार. पण मूल आजारी होतं तोवर तो उपास करून, रडत, जमिनीवर पडून होता, आणि तेही घरातल्या सगळ्यांसमोर. तुमचं ते झालंच नाही. तुम्ही थेट अंघोळीवर आलात.

ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनचं तुम्हाला माहीत असेलच. ३८७ साली ओस्तियात त्याची आई मोनिका वारली. तिच्या डोळ्यांवर त्याने स्वतः हात फिरवला, त्याचा मुलगा हंबरडा फोडायला लागला तर त्याला सगळ्यांनी गप्प केलं, कारण अशा विश्वासू बाईसाठी आक्रोश बरा दिसत नाही. दफनाच्या वेळीही तो रडला नाही. मन हलकं होईल म्हणून स्नानगृहात जाऊन आला, तरी दुःख होतं तिथेच. शेवटी झोपून उठल्यावर एकटाच देवासमोर रडला, आणि पुढे बिशप झाल्यावर ते लिहून ठेवलं, वर असंही म्हणाला की आईसाठी घटकाभर रडलो म्हणून कुणी मला हसू नये. एवढ्या मोठ्या माणसालाही आधी लाज वाटली, हे वाचून मला तरी धीर आला.

आई, आता तू हसू नकोस, तुझ्यासाठीही थोडं आहे. मी प्रवासात असताना एक फोन उचलला नाही की तू घामाघूम होतेस. मुलगा योसेफ गेला असं समजल्यावर याकोबाने सांत्वन करून घेण्याचंच नाकारलं. पुढे दुष्काळात घरातलं धान्य संपत आलं तरी धाकट्या बन्यामिनाला तो डोळ्यांआड करायला तयार नव्हता. गेलेल्याचं दुःख राहिलेल्याच्या भीतीत कधी बदललं, त्याला कळलंही नसेल. दावीदाचंही पुढे तसंच झालं, त्याच्याविरुद्ध उठलेला मुलगा अबशालोम लढाईत मारला गेला तेव्हा. त्याच्यासाठी लढलेली माणसं पळपुट्यांसारखी चोरपावलांनी शहरात शिरली आणि त्याला त्यांच्याकडे बघायचीही शुद्ध नव्हती. सेनापती यवाबाने खडसावलं तेव्हा कुठे तो वेशीत येऊन बसला. (यवाबाचं बोलणं मला कधीच आवडलं नाही, पण त्या दिवशी त्याचं बरोबर होतं.) मी आहे, आई. मला जाऊ-येऊ दे.

यात डॉक्टरांचाही भाग आहे. लांबलेला, माणसाला अडकवून ठेवणारा शोक आता वैद्यकातही वेगळा ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ साली मोठ्या माणसांसाठी एक वर्षाची धरली. त्यांच्या लक्षणांत रोजची ओढ आहे, तसंच बधिरपणाही आहे आणि मृत्यूची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणंही. बाबा, हे वाचताना मला तुम्हीच दिसलात. तुम्हाला काही झालंच आहे असं मी ठरवत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. पण न झोपणारा माणूस तपासून घ्यायला हवा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून खायला-प्यायला दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी झाला असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

शनिवारी मी येतेय. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे, बाबांनी नाही म्हणायचं नाही. पाळकसाहेबांशीही बोलले: या महिन्याची घरची प्रार्थना ते चालवतील, बाबा आईशेजारी बसतील. वाचनासाठी मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुचवलंय. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. गीत दादाचंच घ्यायचं. खुर्च्या मी मोजीन.

आई, मोबाइलचा चार्जर सैल झालाय म्हणत होतीस, नवा घेऊन येते.

तुमची,
धाकटी