छोट्या गावांनी बॉण्ड काढायचे तरी कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे-पिंपरीच्या बॉण्डच्या (म्हणजे बाजारातून कर्ज उभं करायच्या कर्जरोख्यांच्या) बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात म्हणून हे लिहितोय. पुण्याने २०१७ ला चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बॉण्ड काढले, ७.५९ टक्के व्याजाने, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून फोटोबिटो झाले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मधे २०० कोटी उभे केले. त्याच्या कितीतरी आधी नाशिक (१९९९) आणि नागपूर (२००१) यांनीही काढले होते. छानच आहे, पण ही सगळी महापालिकांची नावं झाली ना, यात एक तरी नगरपरिषद दिसते का?

आमचं गाव क वर्गातलं, म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीतलं. आम्हाला बाजारात उभं कोण करणार? रेटिंग (कर्ज फेडायची पत किती याचा दाखला) काढा, वकील लावा, बॉण्ड विकून देणारा मर्चंट बँकर लावा, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे नियम पाळा, ऑडिट झालेले हिशेब दाखवा (इथे तर अर्ध्या नगरपरिषदा गारद), आणि एवढा सगळा खटाटोप करून मागायचे किती तर पंधरा-वीस कोटी! शहरांच्या पाणी-ड्रेनेजसाठीच्या अमृत योजनेत केंद्राने १०० कोटींच्या बॉण्डमागे १३ कोटींचं बक्षीस ठेवलं, पण १०० कोटी काढू शकणाऱ्याला बक्षीस हवंय कशाला. २०२३ च्या बजेटमधे टियर २ आणि ३ म्हणजे मध्यम-छोट्या शहरांसाठी १० हजार कोटींचा यूआयडीएफ (शहरी पायाभूत सुविधांचा कर्जनिधी) आला तेव्हा वाटलं आता आपला नंबर लागला, तर त्यात टियर ३ म्हणजे ५० हजारांच्या वरची गावं. परत आम्ही बाहेरच.

यावर उपाय नवा शोधायचा नाहीये, वीस वर्षांपूर्वीच दक्षिणेत करून झालाय. तामिळनाडूने २००२ मधे १३ छोट्या-मध्यम नगरपालिकांची पाणी आणि ड्रेनेजची कर्जं एकत्र बांधली आणि एका ट्रस्टच्या नावाने ३०.४१ कोटींचे बॉण्ड काढले, मुदत १५ वर्षं. भिशीसारखंच म्हणा ना, एकट्याला कोणी विचारत नाही पण तेरा जण मिळून गेले की रेटिंग पण चांगलं मिळतं आणि खर्च पण वाटला जातो. राज्याने राखीव निधी ठेवला, मुद्दलाच्या निम्म्याची हमी यूएसएड या अमेरिकेच्या सरकारी मदत संस्थेने घेतली. आणि मुख्य म्हणजे पालिकेने हप्त्याचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात (म्हणजे फक्त कर्जफेडीसाठी राखलेल्या खात्यात) टाकायचे, नाही टाकले तर राज्याकडून येणाऱ्या अनुदानातून परस्पर कापून घ्यायचे. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण आपल्याकडे कर्ज एका नगराध्यक्षाने काढायचं आणि फेडायच्या वेळी दुसऱ्याने हात वर करायचे असं चालतं, आणि मधे तीन-चार वर्षं प्रशासक असला तर मग विचारायचंच कोणाला.

कर्नाटकनेही २००५ मधे बेंगळुरूच्या आजूबाजूच्या आठ पालिकांसाठी असेच १०० कोटी उभे केले. तिथे सगळं गोड झालं असं नाही, पाणी यायच्या आधीच लोकांकडून वर्गणी घेतली, काम लांबलं, लोक चिडले, आणि २००७ ला त्या आठही पालिका बेंगळुरू महापालिकेत विलीन झाल्या. तरी पैसा उभा राहिला, पाईप पडले.

आपल्याकडे अशी एकत्र भिशी राज्य सरकारने का काढू नये? राज्याच्या नगरोत्थान योजनेचं अनुदान येतं हो, पण ते कोणाच्या शिफारशीने कुठे जातं ते सगळ्यांना माहितीये, आणि त्यात पण पालिकेला स्वहिस्सा भरायचा असतो, तिथेच घोडं अडतं.

अमेरिकेत ओहायो राज्य १९८७ पासून राज्याच्या नावावर बॉण्ड काढून गावांना रस्ते, पूल, पाणी, ड्रेनेजसाठी पैसे देतंय. मे २०२५ मधे तिथल्या लोकांनी चक्क मतदान करून पुढच्या दहा वर्षांसाठी अडीच अब्ज डॉलर मंजूर केले. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी त्यात वेगळा वाटा असतो, म्हणजे मोठ्या शहरांशी झोंबाझोंबी करायला नको. आपल्याकडे मतदान राहू द्या, पण क वर्ग आणि नगरपंचायतींचा वाटा वेगळा ठेवायला काय हरकत आहे?

आता एक अट मात्र मी स्वतःच घालतो, बॉण्डच्या पैशाने पाईपच्या आधी रस्ता होता कामा नये. आमच्याकडे मेन रोडचं काँक्रीट झालं, फटाके वाजले, आणि मग लक्षात आलं की खालची लाईन जुनी एसी (अॅस्बेस्टॉस सिमेंट) पाईपची आहे आणि ठिकठिकाणी गळतेय, मग काय, ब्रेकर आणला आणि रस्ता फोडला, वर पेव्हर ब्लॉकचं ठिगळ, पावसाळ्यात तिथेच तळं. १५ वर्षं फेडायचं कर्ज काढून पाच वर्षांत उखडणारे ब्लॉक बसवणं म्हणजे नातवाच्या खिशातून पैसे काढणं आहे. आधी टाकी, मग मोठी लाईन, मग गल्लीतल्या लाईन आणि नळजोडण्या, त्यांची टेस्टिंग, आणि मगच वर डांबर काय ते टाका.

पाणीपट्टी वाढेल म्हणून लोक ओरडतील, हे पण खरं. माझ्या गल्लीत प्रत्येक घरात लाईनला मोटर लावलेली आहे, तिचं लाईटबिल आणि उन्हाळ्यातले टँकर धरले तर लोक आजच पाणीपट्टीपेक्षा जास्त मोजतायत, फक्त ते पालिकेला जात नाहीत. मीटर लावा, हप्ता किती जातो ते दर महिन्याला नगरपरिषदेच्या फळ्यावर लिहा, मी तरी वाढीव पट्टी भरीन.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या अधिवेशनाच्या आधी आपल्या प्रतिनिधींनी आमच्या जिल्ह्यातल्या आमदारांना विचारावं, एकत्रित बॉण्डचा प्रस्ताव मांडणार का, हो की नाही, आणि उत्तर नावासकट छापावं.

आपला,
क वर्ग नगरपरिषदेतला एक वाचक