बंद घर आणि दहा वर्षांची अट

प्रिय आई, बाबा,
सा. न.

काल फोनवर गड्ड्याच्या जत्रेचं आणि नळाला पाणी कधी येणार याचंच बोलत बसलो आणि सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. बाबा, आईला वाचून दाखवा, तिने चष्मा अजून बदलला नसणार.

आम्ही इथे आयर्लंडात लिमरिकजवळ एक घर बघितलंय, बंद पडलेलं. छपराचा एक कोपरा खाली आलाय, भिंतींना ओल, धुराड्यात पक्ष्यांची घरटी. फोटो बघून तुम्हाला वाटेल पोरगीला वेड लागलं. पण इथलं सरकार असली घरं परत राहती करायला अनुदान देतं, कर्ज नाही, अनुदानच. २०२२ च्या जुलैत योजना सुरू झाली. घर २००७ पर्यंत बांधलेलं आणि निदान दोन वर्षं रिकामं पाहिजे, मग ५०,००० युरोपर्यंत मिळतात, आणि पडायला आलेलं असलं तर ७०,००० पर्यंत, म्हणजे आपले ७० लाखांच्या आसपास. २०२२ च्याच जनगणनेत इथे १ लाख ६६ हजारांवर घरं रिकामी निघाली, सुट्टीची घरं सोडून हां, आणि आमच्या वॉर्डातल्या नर्सेस एकेका खोलीत दोघी-तिघी राहतात. मला हे बघवत नाही.

बाबा, एफडी मोडू नका. मी तुम्हाला ओळखते. मंजुरी यायच्या आधी कामाला हात लावायचा नाही, साधारणपणे काम झाल्यावर काऊन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं बघून जातात आणि मग पैसे, म्हणून मधला खर्च आपल्याला करावा लागतो, त्याची जुळणी आम्ही दोघांनी केलीय.

मोहोळच्या घराला असं काही मिळतं का विचारलं होतं तुम्ही. मी प्रधानमंत्री आवासचं बघितलं, पण नावावर पक्कं घर असलं की त्यात बसत नाही, आणि तुमचा जुळे सोलापूरचा फ्लॅट आहे. आजी दर वर्षी पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायची, ती गेल्यापासून कुणी टाकली नाही, मागच्या वेळी आले तेव्हा तुळई वाकलेली आणि देवळीपाशी गळत होतं. इथल्या घरात पहिल्यांदा शिरले ना, तोच वास आला, तीच ओल्या मातीची कोंदट हवा, मी तिथेच उभी राहिले.

आता खरं सांगायचं ते. अनुदान घेतलेलं घर पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळे पैसे परत, पाच ते दहा वर्षांत विकलं तर ७५ टक्के. म्हणजे दहा वर्षं. आई, दर गणपतीला मी तुला म्हणते की अजून दोन वर्षं, मग सोलापूरलाच येते. सही केली की हे मला म्हणता येणार नाही, आणि तुला उगीच वाट बघायला लावणं मला जमणार नाही. बाबांना ६९ झाली, हे माहीत असून लिहितेय, लिहिताना दोनदा रडले.

रविवारी फोन करते तोवर फॉर्म देणार नाही, तुम्ही दोघं बोलून घ्या, मनात असेल ते स्पष्ट सांगा, माझ्यासाठी हो म्हणू नका. आणि माळवदाला माणूस लावा, पैसे मी पाठवते, यंदा पावसाआधी माती पडलीच पाहिजे.

नकाशात एक खोली खालीच काढून घेतलीय, बाथरूम लागूनच, आईच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून.

तुमची,
माऊ