सोनोग्राफी थांबवू नये, याविषयी आप्पाकाकांना पत्र

टोकियो

तीर्थरूप आप्पाकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

औषधे संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीतही रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला नाही, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र ‘आता दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी कशाला?’ असे आपण विचारले आहे, त्याची मला काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

हिपॅटायटिस बीचा विषाणू आपला जनुकीय अंश यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसवू शकतो. सीचा विषाणू तसे करत नाही. तो वर्षानुवर्षे दाह धुमसत ठेवतो, त्यात पेशी मरतात, त्यांची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात, आणि या अखंड विभाजनात जनुकांमधले दोष साचत जातात. आपल्या बायोप्सीत एफ४, म्हणजे सिरोसिस (यकृतभर वण पडून ते कडक होणे), नोंदलेले आहे. अशा यकृतात विषाणू गेल्यावर कर्करोगाचा धोका बराच उतरतो, पण संपत नाही. जखम भरली तरी वण राहावा, तसे हे आहे.

हा धोका ऊतीतच वाचता येईल का, या प्रश्नावर पुष्कळ काम झाले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, दाटीने बसलेल्या पेशींचे पुंजके दिसले किंवा की-६७ या रंजनात विभागणाऱ्या पेशी जास्त आढळल्या, तर पॅथॉलॉजिस्ट सावध होतात. मला सर्वांत मोलाचे वाटते ते २००८ साली प्रसिद्ध झालेले होशिदा आणि सहकाऱ्यांचे संशोधन, ज्यात जपानमधील रुग्णांचे मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेले नमुनेही तपासले होते. रुग्ण पुढे किती जगेल याचा अंदाज कर्करोगाच्या गाठीच्या ऊतीवरून लागला नाही. तो लागला गाठीभोवतीच्या, कर्करोग नसलेल्या यकृतातील १८६ जनुकांच्या सक्रियतेवरून. पुढे २०१३ मध्ये हिपॅटायटिस सीमुळे सुरुवातीचा सिरोसिस झालेल्या २१६ रुग्णांतही याच जनुकांच्या आधारे कर्करोगाचा धोका जास्त असलेले रुग्ण वेगळे ओळखता आले. म्हणजे रोगाची जमीन संपूर्ण यकृतात आधीच तयार झालेली असते, आणि म्हणूनच एक गाठ काढल्यावरही काही वर्षांनी दुसरीकडे नवी गाठ उगवू शकते.

तरीही, ‘ऊतीत ही खूण नाही, तेव्हा तपासणी बंद करा’ असे सांगण्याइतकी भरवशाची एकही खूण आज रोजच्या वापरात नाही. शिवाय बायोप्सीच्या सुईत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग येतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि सोबत रक्तातील एएफपी (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन), याला म्हणूनच पर्याय नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत सापडली तर ती काढून किंवा जाळून रुग्ण बरा होण्याची आशा मोठी असते. उशीर झाला तर हे मार्ग एकेक करून बंद होतात.

मद्य आपण घेत नाही, हे उत्तमच आहे. साखर मात्र ताब्यात ठेवावी, कारण मधुमेहानेही हा धोका वाढतो. पुढच्या सोनोग्राफीची तारीख काकूंना सांगून ठेवावी आणि अहवाल मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, ही विनंती.

आपला पुतण्या,
सुहास