मसाज गन घेताना आधी मिलिमीटर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात पहाटे होटगी रस्त्याला पळणारे, पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरची तयारी करणारी मुलंमुली, कबड्डीचे संघ, तालमीतले पैलवान, या सगळ्यांच्या पिशवीत हल्ली मसाज गन, म्हणजे स्नायूवर भराभर ठोके मारणारं बॅटरीवरचं यंत्र, दिसते. वस्तू वाईट नाही. मात्र घेताना जे बघायचं ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच, आणि जे ठळक छापलेलं असतं त्याच्याशी स्नायूला काही देणंघेणं नसतं. ‘३० स्पीड, १० हेड, टच स्क्रीन’ वाचून पैसे मोजणाऱ्यांसाठी हे पत्र.

यंत्रमागाच्या गावाला क्रँक काय असतो हे सांगायला नको. मागाचा क्रँक जसा फणी पुढे-मागे नेतो, तसंच गनच्या पोटात चालतं. मोटरच्या चकतीवर मध्यापासून थोडी बाजूला एक पिन असते, पिनेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला हेड, म्हणजे अंगाला टेकणारं, बदलता येणारं टोक. पिन मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूला असेल तर हेड १० मिलिमीटर पुढे-मागे होतं. हा झाला स्ट्रोक. काही कंपन्या त्याला ॲम्प्लिट्यूड म्हणतात. ३ ते ६ मिलिमीटरची गन म्हणजे नुसती थरथर. कातडीला गुदगुल्या होतात, खालच्या स्नायूपर्यंत फारसं काही पोचत नाही. पळणाऱ्याच्या पोटरीला ८ ते १० पुरतात. पैलवानाच्या मांडीला आणि कुल्ल्याला मात्र १२ च्या खाली घेऊ नये. १६ मिलिमीटरच्याही मिळतात, पण सडपातळ पोराच्या हातात ती दिली तर ठोके हाडावरच बसणार.

खोक्यावर स्ट्रोक लिहिलेला नसेल तर तो कमीच आहे असं धरून चाला. लिहिलेल्यावर विश्वास नसेल तर मोजता येतो. हेडच्या बाजूला शाळेतली पट्टी धरा, सगळ्यांत कमी वेगावर गन चालू करा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाइल असेल आणि गन मिनिटाला १८०० ठोके मारत असेल, तर एका ठोक्याची आठ चित्रं मिळतात. हेड सर्वांत आत आणि सर्वांत बाहेर असतानाची दोन चित्रं थांबवून पट्टीवरचा फरक वाचा. खोक्यावर १२ आणि पट्टीवर ७, असं दिसलं तर परतीची मुदत संपायच्या आत गन परत करा.

दुसरा आकडा दाबाचा. गन मांडीवर टेकवून रेटली की एका मर्यादेनंतर मोटर गुदमरते आणि थांबते. ती मर्यादा म्हणजे स्टॉल फोर्स. तो बहुतेक वेळा पौंडांत देतात, त्यामुळे ४० हा आकडा बघून हुरळू नका, ते १८ किलो झाले. पळणाऱ्याला १० किलोच्या आसपास चालेल, जाड मांडीच्या खेळाडूला १४ ते १८ हवेत. घरी वजन करायच्या काट्यावर जाड सोलापुरी टॉवेलची चौघडी ठेवून त्यावर गन दाबा आणि मोटर कोणत्या आकड्याला थांबते ते बघा. काटा नाचतो, पण अंदाज येतो. स्वस्त गन पाच-सहा किलोलाच मान टाकतात. दुकानात काटा नसेल तर निदान ‘दादा, चालू करून मांडीवर दाबून बघू का?’ एवढं विचाराच. दाबताना आवाज एकदम जड झाला, ठोके विरळ झाले, की समजायचं.

वेगाबद्दल फार डोकं लावू नका. मिनिटाला १५०० ते २४०० ठोके या पट्ट्यात तीन-चार पायऱ्या असल्या की झालं. हेडपैकी गोल आणि सपाट, ही दोनच रोज लागतात. टोकदार हेड न वापरलेलंच बरं.

बॅटरीत फसवणूक मिलिअँपिअर-अवरची (खोक्यावर mAh लिहिलेलं असतं) आहे. २५०० हा आकडा ७.४ व्होल्टच्या पॅकवरही असतो आणि ११.१ व्होल्टच्या पॅकवरही. पहिल्यात साडेअठरा वॉट-अवर ऊर्जा मावते, दुसऱ्यात पावणेअठ्ठावीस. व्होल्ट विचारल्याशिवाय तुलना करू नका. बॅटरीवर किंवा चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम, पण करतं कोण! सोलापूरच्या उन्हाळ्यात ही बाब जास्तच महत्त्वाची. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत पारा याच्या सहज पुढे जातो. वापरून गरम झालेली गनही लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. महिनाभर वापरायची नसेल तर निम्म्या चार्जवर ठेवा, पूर्ण भरून नाही.

आता उपयोग कितपत, हेही स्पष्ट असावं. ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढते’ हा दुकानी दावा सोडून द्या. लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात शरीर आपणच निपटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे पाय बोलतात, ते स्नायूच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. ते दुखणं २४ ते ७२ तासांत टिपेला जातं आणि गनने थोडं सुसह्य होतं, पुसलं जात नाही. गनने नक्की होतं ते आखडलेपण काही वेळापुरतं सैल होणं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं गन चालवल्यावर घोट्याची हालचाल सरासरी ५.४ अंशांनी वाढली. ताकद वाढलीही नाही आणि घटलीही नाही. तेव्हा भरतीच्या दिवशी गन लावली म्हणून वेळ कमी लागेल या आशेवर राहू नये.

पळण्याआधी एका स्नायूला ३० ते ४५ सेकंद, नंतर एक ते दोन मिनिटं. एकूण पंधरा मिनिटांच्या वर नाही. वेग सगळ्यांत कमी ठेवून सुरुवात करा, गन सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर अशी हळू सरकवा, गनचं स्वतःचं वजन अधिक हाताचा थोडा भार, एवढाच दाब द्या. स्नायू सैल सोडलेला हवा. उभं राहून पोटरीवर लावली तर निम्मा परिणाम वाया जातो. कण्हत कण्हत लावणं हा मर्दपणा नव्हे, दुखलं की स्नायू उलट आवळतो.

इजा कुठे होते ते बघा. भरतीच्या तयारीत डांबरी रस्त्यावर अचानक अंतर वाढवणाऱ्या मुलांची नडगी दुखायला लागते आणि ती गन थेट नडगीवर लावतात. तिथे कातडीखाली लगेच हाड आहे. एका बोटाने दाबून नेमकी एकच जागा हाडावर ठणकत असेल, रात्रीही दुखत असेल, तर ते हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं. गन बाजूला ठेवून एक्स-रे काढावा. सुरुवातीला एक्स-रेत चीर दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवावं. दुसरी चूक कबड्डीत होते. मांडीला गुडघा बसून मुका मार लागला, आत रक्त साकळलं, आणि ‘गाठ फोडायची’ म्हणून त्याच संध्याकाळी गन. अशा माराला सुरुवातीच्या दिवसांत रगडलं तर साकळलेल्या जागी स्नायूतच हाड धरण्याचा धोका वाढतो, आणि मग महिनोन् महिने गुडघा पुरता वाकत नाही. पहिले तीन दिवस बर्फ आणि बांधणी, मालिश कोणतीच नाही, हाताचीही नाही.

मानेची पुढची बाजू आणि दोन्ही कडा, गुडघ्यामागची खळगी, जांघ, काख, पोट, पाठीच्या खालच्या बाजूला मूत्रपिंडाची जागा, इथे गन लावायचीच नाही. मानेवर वारंवार गन वापरल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या नोंदीत एका तरुणीच्या मांड्यांतले स्नायू गनमुळे इतके दुखावले की त्यांचे तुकडे रक्तात उतरले. उन्हात, पाणी न पिता मेहनत केल्यावर हा धोका आणखी वाढतो. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर थेट दवाखाना गाठा. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले, पेसमेकर बसवलेले, पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गन घेऊ नये. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिला हातही लावू नका.

तालमींसाठी एक वेगळी गोष्ट. गजकर्ण पैलवानांत एकमेकांच्या अंगाने पसरतो हे वस्तादांना माहीत आहे, पण एकच गन दहा जणांत फिरते तेव्हा तोच प्रवास हेडवरून होतो. फोमचं हेड घाम शोषतं आणि ते नीट धुता येत नाही. सिलिकॉनचं किंवा कडक प्लॅस्टिकचं घ्यावं, प्रत्येकाने आपलं हेड वेगळं ठेवावं, साबणाने धुऊन वाळवावं. तेल लावलेल्या अंगावर तर गन चालवूच नये. तेल दांड्याच्या फटीतून आत उतरतं, धूळ धरतं, आणि चार-सहा महिन्यांत खडखड सुरू होते. बेअरिंग गेलं की दांडा ढिला पडतो, ठोका तिरका बसतो. स्वस्त गनमध्ये बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचं बुश असतं, ते त्याहून लवकर झिजतं. घेतानाच हेड न लावता गन चालू करून दांडा बोटांत हलका धरून बघावा. डाव्या-उजव्या बाजूला हालत असेल तर नवी असूनही नको.

शहरातल्या खेळसाहित्याच्या दुकानदारांना एवढीच विनंती, की प्रत्येक मॉडेलची एक गन चार्ज करून काउंटरवर उघडी ठेवावी, शेजारी एक वजनकाटा ठेवावा, आणि गिऱ्हाइकाला दाबून बघू द्यावं.

कळावे,
क्रीडा फिजिओथेरपी क्षेत्रातील वाचक,
जुळे सोलापूर