दोन ते चारचा पहारा

प्रिय जोडीदारा,
जय हरी.

तू लेकाकडे गेलास आणि इकडे माझा गळा गेला. फोनवर बोललो तर तुला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून लिहितोय.

थायरॉईडची गाठ ऑपरेशनमध्ये निघाली, पण ती नसेला चिकटलेली होती. एका बाजूचा स्वरतंतू आता हलत नाही. भजनात विठ्ठलाच्या रूपाचा अभंग सुरू झाला की ओठ हलायचे, बाहेर यायची फक्त हवा. सहा महिने देवळाची पायरी चढलो नाही. वारीत चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात आपण दोघांनी लावलेली चाल आठवायची आणि वाटायचं, ज्या गळ्यानं तीस वर्षं त्याला हाक मारली तोच त्यानं का काढून घ्यावा? हे घरात कुणापाशी बोललो नाही. तुला सांगतोय.

चैत्रात गावचा सप्ताह बसला. वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही, हे तुला सांगायला नको. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळेना. आपले जुने विणेकरी बुवा घरी आले नि म्हणाले, "गाता येत नाही, उभं राहता येतं ना?"

उभा राहिलो. आधीच्यानं माझ्या पायाला हात लावला, मी त्याच्या, आणि वीणा माझ्या गळ्यात आली. समोर शाळकरी दोन पोरं टाळ घेऊन. त्यातला एक सारखा लयीत पुढं पळत होता. पूर्वी मी डोळे वटारले असते. त्या रात्री एका बोटानं तार छेडत राहिलो आणि ऐकत राहिलो. गड्या, इतकी वर्षं पट्टी, चाल, मागून धरायची झील सांभाळण्यात गेली. अभंग म्हणत आलो, तो ऐकला त्या रात्री. तिसऱ्या अभंगाला डोळे भरून आले, तार मात्र चुकू दिली नाही. सातही रात्री तोच पहारा मागून घेतला.

सावता महाराज अरणच्या मळ्यात राहिले, गोरोबा चिखल तुडवत राहिले, जनाई जात्यावर बसली. कीर्तनात हे किती वेळा ऐकलं आपण! मला वाटायचं, त्या थोरांच्या गोष्टी. आता पहाटे धार काढताना मनातल्या मनात हरिपाठ चालतो, आणि पाठ असलेले अभंग त्या पोरांसाठी मोठ्या अक्षरात वहीत उतरवतो. माझ्या चाली तुला येतातच, त्या त्यांना तुझ्या तोंडून मिळाव्यात.

म्हणून ज्येष्ठ वद्य अष्टमीला, माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाला, आळंदीला येच. दिवे घाट चढून सासवडपर्यंत मी वीणा घेऊन मागं चालेन, पुढचं गुडघे ठरवतील. तुझ्या शेजारी माझ्या जागेवर तो पुढं पळणारा पोरगा असेल. आवाज गोड आहे त्याचा. ओरडू नकोस त्याला, टाळानंच आवर.

तुझाच,
जुना जोडीदार